वाऱ्याला जुंपण्यापूर्वी

मन्याडच्या खोऱ्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांपैकी बहुतेकांना पाण्याची पहिली ओळख विहिरीत झालेली असते. पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड डाग देऊन बंद केलेला तेलाचा रिकामा डबा बांधून, कमरेला आवळलेल्या दोराचे दुसरे टोक काठावरच्या काकांच्या हाती आहे या भरवशावर, एकेक पायरी उतरत पाण्यात शिरणाऱ्या त्या मुलाने आपल्या साधनाची निवड स्वतः केलेली नसते. डबा झिरपत नाही ना, हे आदल्या दिवशी कोणी तरी हौदात दाबून पाहिलेले असते, आणि दोराची गाठ आपोआप सुटणार नाही, पण सोडू म्हटल्यास एका झटक्यात सुटेल अशी असावी, हेही घरातल्या जाणत्या माणसानेच ठरविलेले असते. कंधार, लोहा, अहमदपूर या टापूतली तीच मुले आता पुण्यास आणि हैदराबादेस नोकरीला लागली आहेत. हिवाळ्याच्या सुटीत ती गोव्यास जातात, पेडणे तालुक्यातील मोरजी आणि आश्वे येथील वाळूवर उभी राहून, पतंगाच्या ओढीने समुद्रावरून सरसर सरकत जाणारे खेळाडू पाहतात, आणि परत येताना सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : पतंग कोणता घ्यावा?

प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याचा क्रम चुकलेला आहे, असे मला प्रांजळपणे वाटते. काइटबोर्डिंग या खेळात माणूस पायांखाली फळी घेतो, कमरेला पट्टा बांधतो आणि वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी स्वतःला एका प्रचंड पतंगाशी, म्हणजे पर्यायाने प्रत्यक्ष वाऱ्याशी, जुंपून घेतो. ज्याला आपण जुंपून घेणार, तो जोरकस आहे की नाही हे पाहण्यापूर्वी तो सुटतो कसा, हे पाहणे कुणब्याच्या घरात जन्मलेल्यास मुद्दाम सांगावयास नको. चालत्या गाडीचा बैल ठेच लागून गुडघ्यावर आला, तर जाणता गडी चाबकाकडे न पाहता आधी त्याच्या मानेखालचे जोते सोडतो. या लेखात मी जे काही सांगणार आहे, ते सारे याच एका कसोटीवर घासलेले आहे. प्रत्येक जिन्नस हाती घेतल्यावर, हा मला किती ओढील असे न विचारता, हा मला किती लवकर आणि किती निश्चितपणे सोडील, असे विचारावे.

या पतंगाची रचना ध्यानात यावी यासाठी मी मोटेचा दाखला देतो, कारण ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे त्यांना यापेक्षा सोपा दाखला सापडणार नाही. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा पाण्याचे सगळे ओझे उचलतो, आणि बारीक सोंदूर मोटेची सोंड वर धरून ठेवतो. बैल धावेच्या टोकाला पोचले आणि सोंड थारोळ्यावर आली की पाणी ओतले जाते. ओझे एका दोराचे, रिते करण्याची मुखत्यारी दुसऱ्याची. पतंगाच्या चार दोऱ्यांची वाटणी अगदी तशीच आहे. पुढच्या दोन दोऱ्या हातातल्या दांड्याच्या, ज्याला सर्वत्र बार म्हणतात त्याच्या, मधल्या छिद्रातून खाली येऊन कमरेच्या पट्ट्यावरील आकड्याला अडकतात आणि ओढीचा बहुतांश भार सोसतात. मागच्या दोन दोऱ्या बारच्या दोन टोकांना बांधलेल्या असून, त्यांच्यायोगे पतंग डावीकडे-उजवीकडे वळतो. बार स्वतःकडे ओढला की पतंगाची मागची कड खाली येते आणि तो वारा भरून घेतो. बार पुढे लोटला की मागच्या दोऱ्या सैल पडतात, कड उचलली जाते आणि भरलेला वारा मोटेतील पाण्यासारखा ओतला जातो. घाबरलेला माणूस मात्र हातात आहे ते घट्ट धरून छातीशी ओढतो, हा मनुष्यस्वभाव होय, आणि या खेळातील पहिला धडा त्या स्वभावाच्या नेमका विरुद्ध आहे. म्हणूनच, बार हातातून सुटताच ज्याची ओढ जवळजवळ नाहीशी होते, असाच पतंग नवशिक्याने पत्करावा.

बार पुढे लोटूनही भागले नाही, तर त्यापुढची व्यवस्था म्हणजे पट्ट्याच्या आकड्यात अडकणाऱ्या कडीवरील सुटकेची कळ. कडीला खेळाडू चिकन लूप म्हणतात आणि कळीला क्विक रिलीज. ही कळ ढकलताच कडी उघडते, बार दूर जातो, पतंग एकाच दोरीवर लोंबकळत निर्बल होऊन पाण्यावर पडतो आणि एका लहानशा बंधाने, म्हणजे लीशने, आपल्याशी जोडलेला राहतो; त्या लीशलाही स्वतःची वेगळी कळ असते, जिच्यायोगे पतंगाशी संबंध पूर्णपणे तोडता येतो. या सुटकेच्या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०२० साली प्रसिद्ध झाले आहे. बार विकत घेताना, मग तो नवा असो की वापरलेला, तो त्या प्रमाणास उतरतो काय, हे विक्रेत्यास स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. जुन्या बारवर पैसे वाचविण्याचा मोह अनेकांना होतो. पतंग जुना चालेल, फळी जुनी चालेल, पण बार आणि त्यावरील कळ यांत काटकसर करू नये, असे माझे निश्चित मत आहे. दुकानात असतानाच कमरेला पट्टा बांधून, कडी अडकवून, मित्राला दोऱ्या जोराने ओढावयास सांगावे, आणि त्या ताणाखाली, डोळे मिटून, प्रथम उजव्या व नंतर डाव्या हाताने कळ दाबून पाहावी. कळ दोन्ही हातांना न पाहता सापडली पाहिजे. ताण नसताना सहज उघडणारी आणि ताण येताच अडणारी कळ निरुपयोगी समजावी.

आता पतंगाच्या जातीविषयी. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ च्या नोव्हेंबरात हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे एकस्व नोंदविले, आणि आजचा खेळ त्या कल्पनेवर उभा आहे. वाऱ्याच्या ओढीने गाडी किंवा होडी चालविण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉकने १८२६ साली पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व घेतले होते, आणि सॅम्युएल कोडीने १९०३ साली पतंगाच्या ओढीवर नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली होती. पण पाण्यात पडलेला पतंग बुडू नये आणि पाण्यावरूनच पुन्हा उभा राहावा, ही सोय त्या दोन भावांच्या नळ्यांनी करून दिली. पुढच्या कडेला एक जाड नळी, तिला काटकोनात जोडलेल्या बरगड्यांसारख्या लहान नळ्या, आणि त्यांवर ताणलेले कापड असे त्याचे स्वरूप असते. या जातीतही, ज्याची मागची कड किंचित आत वळलेली असते आणि पुढच्या नळीला दोऱ्यांचा लगाम असतो, तो बो किंवा डेल्टा घाटाचा पतंग नवशिक्यास योग्य होय. त्याची ओढ बारच्या इशाऱ्यावर झटकन उतरते, आणि पडल्यावर मागची एक दोरी ओढून धरली की तो वाऱ्याच्या कडेला सरकत जाऊन आपसूक उठतो. अक्षर सी प्रमाणे खोल वाकलेला पतंग कसरती करणाऱ्यांसाठी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला आणि मार्सेयच्या समुद्रात त्याच्या शर्यती झाल्या, तेव्हा ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना तेथे नळ्यांविना, कप्प्यांत वारा भरून फुगणारे पतंग आणि पाण्याखाली पंख असलेल्या उंच फळ्या दिसल्या असतील. ते सारे शर्यतीचे साहित्य आहे. कप्प्यांच्या पतंगात एकदा पाणी शिरले की तो भिजल्या वाकळेसारखा जड होतो आणि नवख्या हाताला पुन्हा उठत नाही.

आकाराचा विचार वाऱ्याचा वेग आणि स्वतःचे वजन या दोहोंवरून करावा लागतो. वाऱ्याचा वेग या खेळात नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. शरीराचे वजन पौंडांत घेऊन त्यास नॉटमधील वेगाने भागावे, म्हणजे पतंगाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये ढोबळमानाने मिळते, असा एक सर्वपरिचित हिशेब आहे. ६५ किलो वजनाचा माणूस १४३ पौंडांचा. १३ नॉट वाऱ्यात त्याला ११ चौरस मीटरचा पतंग लागेल. गोव्यास नोव्हेंबर ते मार्च या काळात दुपारनंतर वायव्येकडून जो समुद्रवारा सुटतो तो बहुधा सौम्य असतो, यास्तव तेथे १२ चौरस मीटरच्या आसपासचा पतंग मध्यम बांध्याच्या माणसाचा पहिला पतंग ठरतो. परंतु हा हिशेब करताना एक गोष्ट विसरू नये, ती ही की वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा जोर चौपट होतो. १२ नॉटमध्ये ज्याने आज्ञाधारकपणे ओढले, तोच पतंग २४ नॉटच्या झोतात चार पतंगांच्या बळाने ओढील. शंका आल्यास लहान पतंग घ्यावा, आणि त्याहूनही मोठी शंका आल्यास त्या दिवशी वाळूवरच बसावे.

कमरेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, हा मात्र पूर्णपणे ज्याच्या त्याच्या देहाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो टपालाने मागवू नये. त्याचे दोन प्रकार आहेत. एक नुसता कमरेभोवतीचा. दुसरा मांड्यांखालून पट्टे येणारा, खुर्चीसारखा. पतंग डोक्यावर असताना ओढ वरच्या दिशेने असते, आणि शिकणाऱ्याचा पतंग बराच वेळ डोक्यावरच असतो. अशा वेळी कमरेचा पट्टा सरकून बरगड्यांवर चढतो आणि श्वास कोंडतो. म्हणून प्रारंभी खुर्चीचा पट्टा बरा, असे मी सुचवीन, विशेषतः ज्यांचे पोट किंचित सुटलेले आहे त्यांना. माप घेण्याची रीत सोपी आहे : छताच्या कडीला किंवा लिंबाच्या फांदीला दोर बांधून, त्यात पट्ट्याचा आकडा अडकवून, पाच मिनिटे लोंबकळून राहावे. जेथे काचेल तेथे समुद्रात सोलून निघेल.

फळीविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. दोन्ही टोके सारखी असलेली, ट्विन-टिप नावाची फळी घ्यावी. ती रुंद असावी आणि लांबी १४० ते १५० सेंटीमीटरच्या दरम्यान असावी, कारण मोठी फळी कमी वाऱ्यातही पाण्यावर लवकर तरंगू लागते. फळी दोरीने पायाला किंवा पट्ट्याला बांधून ठेवण्याची युक्ती नवशिक्याला फार सोयीची वाटते. ती करू नये. पतंग माणसाला ओढीत असता मागे राहिलेली फळी दोरी ताणून एकाएकी सुटते आणि थेट डोक्यावर येते. हरवलेली फळी पतंगाच्याच ओढीने, अंगाने पाणी कापीत, शोधून आणण्याचे शिक्षण प्रत्येक चांगल्या वर्गात देतात.

शिरस्त्राण पाण्यावरच्या खेळासाठीच बनविलेले, पाणी निथळून जावे म्हणून छिद्रे असलेले हवे. मोटारसायकलचे हेल्मेट तेथे घमेल्यासारखे पाणी भरून मान ओढते. अंगातील तरंगते जाकीट आखूड असावे, जेणेकरून पट्ट्याचा आकडा आणि सुटकेची कळ त्याखाली झाकली जाणार नाही. मारापासून बचाव करणारे पातळ जाकीट आणि तरंगविणारे जाकीट या दोन निराळ्या वस्तू आहेत. ज्याला पोहण्याचा पक्का भरवसा नाही, त्याने किमान ५० न्यूटन तरंगशक्ती नोंदविलेले जाकीटच मागावे, आणि तेही बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी देत नाही, हे लक्षात ठेवावे. पट्ट्याच्या खिशात आकड्यासारख्या वाकड्या पात्याची छोटी सुरी असू द्यावी. संक्रांतीला मांजाने बोट कापलेले ज्यांना आठवते, त्यांना पतंगाची ताणलेली दोरी हाताभोवती का गुंडाळू नये, हे उलगडून सांगण्याची जरूर नाही.

नव्या संपूर्ण संचाची किंमत लाखांत मोजावी लागते, त्यामुळे मराठवाड्यातील नोकरदार तरुणाचे पाऊल वापरलेल्या मालाकडे वळणे साहजिक आहे. मीही एकदा तसा पतंग घेतला. कापड लखलखीत, रंग ताजा, विकणारा गोडबोल्या. किनाऱ्यावर हवा भरून तो पुन्हा उतरविण्याचा कंटाळा आम्हां दोघांनाही आला आणि मी पैसे मोजून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पाण्यात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत मधली बरगडी मऊ पडू लागली, मग पुढची नळी मध्यावर दुमडली, आणि छातीएवढ्या पाण्याबाहेर पुष्कळ दूर गेलेल्या मला त्या भिजल्या कापडाची मोट ओढीत, पोहत, किनारा गाठावा लागला. चूक आतल्या फुग्याच्या व्हॉल्व्हपाशी होती. डिंक सुकून तो किंचित सुटला होता. एक तास थांबलो असतो तर ती वाळूवरच उघडकीस आली असती.

म्हणून तो एक तास अवश्य द्यावा. पंपाने पतंग पूर्ण फुगवावा. पुढच्या नळीवर टिचकी मारताच ढोलकीच्या पुडीसारखा स्वच्छ बोल उमटला पाहिजे. मग सावलीत तासभर ठेवून पुन्हा टिचकी मारावी, आणि बोल बदलला असेल तर माल परत करावा. कापड मुठीत चुरगाळावे : कोरे कापड करकर वाजते, उन्हाने खाल्लेले धुतल्या धोतरासारखे मऊ लागते. उन्हाकडे धरून सुईएवढी छिद्रे शोधावीत. मागच्या कडेची शिवण, लगामाच्या दोऱ्या आणि त्यांतील लहान कप्प्या बोटांनी चाचपाव्यात. शेवटी दोऱ्या पूर्ण उलगडून चारींची टोके एका खिळ्याला अडकवावीत आणि बार ओढून ती सारखी आहेत काय ते पाहावे. भार पुढच्या दोऱ्यांवर पडत असल्याने कालांतराने त्या ताणून लांबतात, मागच्या तुलनेने आखूड पडतात, आणि मग पतंग उडण्याऐवजी मागे ढासळतो. बार आणि पतंग एकाच कारखान्याचे असणे बरे. लाल दोरी डाव्या हाताला, हा सर्वत्र रूढ असलेला संकेत आहे. पावती, निर्मितीचे वर्ष आणि पूर्वीच्या दुरुस्त्यांचा तपशील लिहून घेतल्याखेरीज बयाणाही देऊ नये.

साहित्य घरी आले की ते घरच्या पाण्यावर वापरून पाहण्याची उत्कंठा अनावर होते, हे मी जाणतो. राष्ट्रकूट राजाचे बिरुद धारण करणारा आमचा जगत्तुंग सागर डोळ्यांसमोर आहे, बारूळचे निम्न मनार आणि लिंबोटीचे ऊर्ध्व मनार ही धरणे हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही तेथे मोठा पतंग उडवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समुद्रावरचा वारा मैलोगणती सपाट पाण्यावरून येतो, म्हणून तो एकसारखा असतो. आमच्याकडचा वारा बालाघाटाच्या टेकड्या, झाडे, धरणाची भिंत आणि वस्ती यांवरून अडखळत येतो, एका क्षणी नाहीसा होतो आणि दुसऱ्या क्षणी दुपटीने आदळतो. वैशाखातल्या वळवाच्या आधीचा झोत तर घरांवरचे पत्रे उडवून नेतो. शिवाय काठाने विजेच्या तारा आहेत, बुडीत झाडांचे बुंधे आहेत, आणि धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असल्याने परवान्यावाचून त्यात उतरण्याचा कोणास अधिकार नाही. संकटात हाक मारावी तर ओ देणारी बचाव-नौकाही तेथे नाही.

घरी काय करता येईल, तर दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा लहान पतंग घेऊन तो जमिनीवर उडविता येईल, आणि नवशिक्याची सगळ्यांत शहाणपणाची पहिली खरेदी तीच होय. यासाठी ज्वारी काढलेले रान निवडू नये. पतंगाने खेचून पाडले तर धसकटे गुडघ्यात घुसतात आणि कापडही फाटते. तारांपासून दूर असलेले गायरान किंवा शाळेचे मोकळे मैदान पाहावे. वारा पाठीवर घेऊन उभे राहिल्यावर समोरचे आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी समजावी. बाराच्या ठिकाणी पतंग शांत राहतो, नऊ आणि तीन या कडांना तो शांत राहतो, आणि मधून खाली आणला की सगळा जोर अंगावर घेतो. ही तबकडी हातांत इतकी मुरली पाहिजे की मान वर न करताही पतंग कोठे आहे ते कळावे. सोबत पोहणे पक्के करावे. विहिरीत काठ चार हातांवर असतो. लाटांत तोंड बुडत असता वीस मिनिटे तरंगत राहणे ही वेगळी विद्या आहे.

त्यानंतर शिकावे, आणि मग विकत घ्यावे. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना २००१ पासून शिक्षकांना प्रमाणपत्रे देत आली आहे. शिक्षकाचे ते प्रमाणपत्र मागून पाहण्यात संकोच करू नये. फळीवर उभे राहण्यापर्यंत सर्वसाधारणपणे नऊ ते बारा तासांचे शिक्षण लागते, आणि त्या काळात पतंग, बार, फळी हे सर्व साहित्य शाळेचेच वापरावयास मिळते. निरनिराळ्या आकारांचे पतंग हाताळून झाल्यावर आपल्याला काय हवे हे विक्रेत्याने सांगण्याची आवश्यकताच उरत नाही. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी याच हिवाळ्यात अंडी घालतात. कुंपण घातलेल्या त्या जागांजवळ पतंग पसरू नये, ही गोष्ट शिक्षकाने सांगण्याची वाट पाहू नये.

तेव्हा पहिल्यांदा निघताना पिशवीत अंगाला बसेल असे जाकीट, हेल्मेट, उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि जमल्यास झाडाला लोंबकळून पाहिलेला आपला पट्टा, एवढेच घ्यावे. पतंग तेथे मिळेल. आणि तो कोणाचाही असला, शिक्षकाने स्वतः बांधून दिलेला असला तरी, पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी सुटकेची कळ स्वतःच्या हाताने एकदा उघडून पुन्हा बसवावी. तीत वाळू अडकली असेल, तर ती तेव्हाच कळते.